सहा लाख श्लोकांची राख

विक्रम राजाच्या पाठीवर बसलेला वेताळ आपल्या घराघरांतल्या लहानथोरांच्या ओळखीचा आहे. राजाने तोंड उघडले की वेताळ पुन्हा झाडावर, हे सांगायला कुणाला पुस्तक शोधावे लागत नाही. आजीकडून ऐकलेले असते, चांदोबात वाचलेले असते, दूरदर्शनवर पाहिलेले असते. पण या कथांच्या महापुराचा उगम ज्याच्या नावाशी जोडला जातो, त्या माणसाचे नाव विचारले तर घरातली मंडळी एकमेकांकडे पाहू लागतात. ते नाव आहे गुणाढ्य.

गुणाढ्याने बृहत्कथा नावाचा एक प्रचंड ग्रंथ लिहिला. त्या ग्रंथाची मूळ प्रत आज जगात कुठेही नाही. तरीही दंडी आणि बाणभट्ट यांच्यासारखे मोठे संस्कृत लेखक त्याचे नाव आदराने घेतात आणि नवव्या शतकातल्या कंबोडियातल्या शिलालेखातही त्याचा उल्लेख सापडतो. त्याचे चरित्र म्हणून जे काही आपल्यापाशी आहे ते अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने लिहिलेल्या कथासरित्सागरात, अगदी आरंभीच्या कथापीठात आहे. म्हणजे या कथाकाराचे आयुष्यही आपल्याला कथेच्या रूपातच मिळाले आहे. त्यात शाप आहेत, यक्ष आहेत, पिशाच्चे आहेत. इतिहासाचा काटेकोर पुरावा म्हणून ते मांडता येणार नाही. पण कथा सांगणाऱ्यांच्या नशिबी काय येते, हे त्यात जेवढे खरे उतरले आहे तेवढे मी दुसऱ्या कुठल्या लेखकाच्या चरित्रात पाहिलेले नाही.

नाणेघाटाची वाट

गुणाढ्याची कथा घडते पैठणला, म्हणजे त्या काळच्या प्रतिष्ठानात, सातवाहन राजाच्या दरबारात. मला मात्र ती जुन्नरमुळे कळली. बँकेच्या नोकरीतली माझी सात वर्षे जुन्नर आणि घोडेगाव या दोन शाखांत गेली. जुन्नरला आलेला माणूस आधी शिवनेरीवर जातो, मग लेण्याद्रीच्या गणपतीला. नाणेघाटाकडे जरा उशिराच वळतो. तिथे पोचला की दोन हजार वर्षांच्या अलीकडचे काही उरत नाही.

पैठणहून निघालेला व्यापाऱ्यांचा तांडा जुन्नरवरून नाणेघाट उतरून कल्याण आणि सोपारा या बंदरांकडे जात असे. घाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, असे सगळे सांगतात. जवळच्या गुहेत नागनिका राणीचा प्रसिद्ध लेख आहे. राजघराण्यातल्या व्यक्तींचे पुतळे तिथे होते. आज पावलांच्या खुणा आणि वरची नावे तेवढी शिल्लक आहेत. लेखात यज्ञांची आणि दानांची यादी आहे. गाई, घोडे, हत्ती, कार्षापण अशा हिशेबाचे आकडे कोरलेले आहेत. बँकेतल्या माणसाला अशी यादी पाहिली की उगाचच घरी आल्यासारखे वाटते.

या लेखाची भाषा प्राकृत आहे. वैदिक यज्ञ करणारी राणी आपली दाने प्राकृतात कोरून ठेवते. जुन्नरच्या लेण्यांत सामान्य दात्यांनी कोरलेले लेखही प्राकृतातच आहेत. वेळू कामाचे कारागीर आणि कासार यांच्या श्रेणींकडे ठेव ठेवून तिच्या उत्पन्नातून धर्मकार्य चालवावे अशा नोंदी त्यांत आहेत. म्हणजे या डोंगरांत ठेवीचा व्यवहारसुद्धा लोकांच्या बोलीत होत होता. याच घराण्यातल्या हाल राजाच्या नावावर सातशे प्राकृत गाथांचा संग्रह आहे. एवढ्या प्राकृतप्रेमी घराण्यातल्या राजाला एके दिवशी संस्कृत येत नाही याची लाज वाटली आणि गुणाढ्याच्या आयुष्याची दिशाच बदलली.

एका मोदकाची किंमत

सोमदेव सांगतो त्यानुसार कथेची सुरुवात कैलासावर होते. शंकर पार्वतीला कुणी न ऐकलेल्या कथा सांगत असतो. पुष्पदंत नावाचा गण त्या चोरून ऐकतो आणि बायकोला सांगतो. बायको त्या पार्वतीलाच सांगायला जाते. मग शाप. त्याची रदबदली करायला गेलेल्या माल्यवान या गणालाही शाप. पुष्पदंत पृथ्वीवर वररुची म्हणून जन्मतो आणि माल्यवान गुणाढ्य म्हणून. विंध्याच्या अरण्यात काणभूती नावाचे एक पिशाच्च आहे. वररुचीने त्याला कथा सांगायच्या, त्याने त्या गुणाढ्याला सांगायच्या आणि गुणाढ्याने त्या जगाला द्यायच्या, तेव्हा तिघांची सुटका. कथा स्वतःपाशी ठेवणारा अडकून पडतो आणि पुढे सांगणारा सुटतो, असा हा शापाचा करार आहे.

गुणाढ्याची आई श्रुतार्था ही एका ब्राह्मणाची मुलगी, वडील नागवंशातले. लहानपणीच आईचे छत्र गेले. पोरगा दक्षिणेत जाऊन सर्व विद्या शिकला आणि नाव कमावून प्रतिष्ठानला परतला. सातवाहन राजाने त्याला मंत्री केले. संसार थाटला, शिष्य जमले. इथपर्यंतचे आयुष्य एखाद्या यशस्वी अधिकाऱ्याच्या सेवापुस्तकासारखे सरळ आहे.

मग वसंतातला तो दिवस आला. राजा राण्यांसह उद्यानातल्या तळ्यात जलक्रीडा करत होता. पाण्याच्या माऱ्याने दमलेल्या एका राणीने राजाला संस्कृतात विनवले की आता पाणी उडवू नका. तिने वापरलेले मा आणि उदकैः हे दोन शब्द संधीने जोडले की मोदकैः होतात. राजाला संधी कुठला ठाऊक! राणीला मोदक हवे आहेत असे समजून त्याने मोदकांची ताटे मागवली. राणी हसली. या जागी मोदकांचे काय काम आणि एवढे साधे व्याकरणही आपल्याला कसे येत नाही, असे तिने सगळ्यांदेखत सुनावले. दासदासीही हसल्या.

राजाने अन्नपाणी सोडले, कुणाशी बोलेना. गुणाढ्य आणि शर्ववर्मा हे दोन मंत्री त्याच्या समजुतीला गेले. गुणाढ्य म्हणाला की व्याकरणाला बारा वर्षे लागतात, पण मी तुम्हाला सहा वर्षांत शिकवीन. शर्ववर्मा म्हणाला की मी सहा महिन्यांत शिकवीन. गुणाढ्याला राग आला. हे जमले तर संस्कृत, प्राकृत आणि देशी बोली या तिन्ही भाषा मी कायमच्या सोडेन, अशी त्याने पैज लावली. शर्ववर्म्यानेही पैज लावली की जमले नाही तर बारा वर्षे गुणाढ्याच्या पादुका डोक्यावर वाहीन.

शर्ववर्मा जिंकला. कार्तिकेयाच्या कृपेने त्याला एक सोपे, आटोपशीर व्याकरण मिळाले असे कथा सांगते. ते कातंत्र व्याकरण खरेच आहे आणि बंगाल, काश्मीरात ते शतकानुशतके शिकवले गेले. अनेकजण शर्ववर्म्याला खलनायक ठरवतात. मला ते पटत नाही. अवघड विद्या सामान्य विद्यार्थ्याला झेपेल अशी करून देणे हे पुण्याचेच काम आहे. गंमत अशी, की लोकांना समजेल असे सांगण्याची जी कला गुणाढ्याला पुढे अरण्यात सापडायची होती, ती शर्ववर्म्याला दरबारातच साधली होती.

रक्ताची शाई

तीन भाषा सोडलेला पंडित म्हणजे मुका माणूस. गुणाढ्याने मौन धरले आणि गुणदेव व नंदिदेव या दोन शिष्यांसह तो विंध्याच्या अरण्यात निघून गेला. तिथे त्याला काणभूती भेटला. पिशाच्चांची बोली, पैशाची, ही गुणाढ्याने न सोडलेली एकच भाषा, कारण ती भाषा आहे असे त्याच्या दरबारात कुणी मानतच नव्हते. गुणाढ्य ती शिकला. काणभूतीने सात मोठ्या कथा सांगितल्या आणि सात वर्षे खपून गुणाढ्याने सात लाख श्लोक लिहिले. अरण्यात शाई नव्हती म्हणून आपल्या रक्ताने लिहिले.

ग्रंथ पुरा झाल्यावर तो कुणाच्या हाती द्यावा? रसिक राजा म्हणून शिष्यांनी सातवाहनाचेच नाव सुचवले. गुणाढ्य नगराबाहेरच्या देवीच्या उद्यानात थांबला आणि शिष्य पोथी घेऊन दरबारात गेले. राजाला नुकतेच संस्कृत येऊ लागले होते. नव्याने शिकलेल्या माणसाचा तोरा काय असतो हे वेगळे सांगायला नको. भाषा पिशाच्चांची, अक्षरे रक्ताची आणि आणणारे दोघे रानटी दिसणारे. कथा कशी आहे हे पाहण्याआधीच त्याने पोथी झिडकारली.

गुणाढ्याने वाद घातला नाही. जवळच्या एका टेकडीवर त्याने अग्निकुंड पेटवले. एक एक पान वाचायचे, भोवती जमलेल्या पशुपक्ष्यांना ऐकवायचे आणि आगीत टाकायचे. शिष्य रडत पाहत राहिले. त्यांना प्रिय असलेली नरवाहनदत्ताची एक लाख श्लोकांची कथा तेवढी त्याने बाजूला ठेवली. हरणे, रानडुकरे, म्हशी चरणे विसरून वर्तुळ करून बसली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते.

इकडे राजा आजारी पडला. राजाच्या ताटातले मांस शुष्क झाले आहे, असे वैद्यांचे निदान. आचाऱ्यांनी पारध्यांकडे बोट दाखवले. पारध्यांनी सांगितले की टेकडीवर कुणी एक ब्राह्मण कथा वाचून जाळतो आहे आणि रानातली जनावरे खाणेपिणे विसरली आहेत. दरबाराने नाकारलेल्या ग्रंथाचा पहिला अभिप्राय असा स्वयंपाकघराच्या वाटेने राजापर्यंत पोचला. राजा धावत गेला. जटा वाढलेला, धुराने काळवंडलेला आपला जुना मंत्री त्याने ओळखला, नमस्कार केला आणि पोथी मागितली. तोवर सहा लाख श्लोक जळून गेले होते. उरलेले एक लाख राजाला देऊन गुणाढ्याने देह ठेवला आणि शापातून तो मोकळा झाला.

जे उरले त्याचा प्रवास

उरलेली एक लाख श्लोकांची पैशाची पोथीही काळाच्या ओघात नाहीशी झाली. आपल्यापर्यंत आली ती तिची रूपांतरे. बुधस्वामीने एक केले, ते नेपाळात सापडले. काश्मीरात क्षेमेंद्राने बृहत्कथामंजरी केली आणि सोमदेवाने कथासरित्सागर. जैन परंपरेत वसुदेवहिंडी झाली, तमिळमध्ये पेरुंकथै झाली. सोमदेवाने ग्रंथ केला तो अनंत राजाची राणी सूर्यमती हिचे मन रमावे म्हणून. त्या राणीचे आयुष्य नवरा आणि मुलगा यांच्या भांडणात होरपळले आणि शेवटी ती नवऱ्यामागे सती गेली. पैठणच्या राजाने झिडकारलेल्या कथांनी हजार वर्षांनंतर काश्मीरच्या एका दुःखी राणीची सोबत केली.

या कथांतले नायक नुसते राजे नाहीत. समुद्रावर जाणारे व्यापारी, जुगारी, चोर, गणिका, धूर्त बायका, मूर्ख जावई यांनी त्या भरल्या आहेत. नाणेघाटाच्या गुहेत बसले की वाटते, अशा गोष्टी इथे रात्री मुक्कामाला थांबलेल्या तांड्यांतच रंगल्या असतील. मालाबरोबर गोष्टही घाट उतरत असणार, आणि तिच्यावर जकात बसत नव्हती.

वेताळाच्या पंचवीस कथा सोमदेवाच्या ग्रंथात आहेत. त्या गुणाढ्याच्या मूळ ग्रंथात नसाव्यात, मागाहून मिसळल्या असाव्यात, असे काही अभ्यासक मानतात. ते खरे असले तरी त्या आपल्यापर्यंत पोचल्या गुणाढ्याच्याच नावेत बसून. आणि गंमत म्हणजे सोमदेवाचा तो राजा उज्जैनचा नाही. त्रिविक्रमसेन हे त्याचे नाव आणि गोदावरीकाठचे प्रतिष्ठान ही त्याची राजधानी. म्हणजे वेताळाला पाठीवर घेणारा पहिला राजा आपल्या पैठणचा.

त्या कथेची सुरुवात मी बँकेत नव्याने लागलेल्या मुलांना नेहमी सांगत असे. एक भिक्षू राजाला रोज एक फळ देतो. राजा ते खजिनदाराला देतो. खजिनदार दार न उघडताच खिडकीतून फळ आत टाकतो. वर्षांमागून वर्षे जातात. एके दिवशी माकडाने फळ फोडले आणि आतून रत्न निघाले. मग तिजोरी उघडून पाहतात तो फळे कुजून गेलेली आणि रत्नांचा ढीग पडलेला. आलेला माल न तपासता आत ढकलण्याचे इतके जुने उदाहरण दुसऱ्या कुठल्या देशाच्या साहित्यात असेल असे मला वाटत नाही. कर्जाच्या अर्जातला जामीनदार हा शब्द समजावायलाही विक्रमच उपयोगी पडे. घोडेगावच्या शाखेत डोंगराकडची माणसे येत, छापील अर्जाची भाषा त्यांच्या डोक्यावरून जाई. कर्जदार फेडेल तर ठीक, नाहीतर वेताळ तुमच्या पाठीवर, असे सांगितले की जामीन राहायला आलेला माणूस हसे आणि अंगठा उठवण्यापूर्वी दोनदा विचार करी.

छोट्या पडद्यावरचा वेताळ

१९८५ साली रामानंद सागर यांची विक्रम और बेताल ही मालिका दूरदर्शनवर आली. अरुण गोविल विक्रम झाले होते, सज्जन वेताळ. त्याच विक्रमाला पुढे १९८७ साली आपण रामाच्या वेषात पाहिले. जुन्नरला तेव्हा टीव्ही मोजक्या घरांत होते. अँटेना सिंहगडाच्या दिशेला वळवून वळवून हात दुखत आणि चित्रापेक्षा मुंग्याच जास्त दिसत. तरी रविवारी दुपारी त्या घरांच्या ओटीवर चपलांचा ढीग पडे.

त्या वेळी सुशिक्षित मंडळींनी नाके मुरडली होती. भडक पोशाख, कापसासारखे पांढरे केस, जादूची हास्यास्पद दृश्ये. टीका खोटी नव्हती. पण ओटीवरच्या पोरांना त्याचे काही नव्हते. वेताळाने प्रश्न टाकला की ती श्वास रोखून बसत आणि राजाच्या आधी उत्तर देण्याची त्यांच्यात चढाओढ लागे. गुणाढ्याच्या टेकडीवरचे ते वर्तुळ मला तिथे दिसले असे म्हटले तर अतिशयोक्ती होईल, पण फार होणार नाही.

जुनी गोष्ट आजच्या वेषात सांगावी की नाही, यावर तेव्हापासून वाद ऐकतो आहे. खरे तर हा वाद आपल्या भागात शोभत नाही. जुन्नर तालुक्यातले नारायणगाव हे तमाशाचे माहेरघर, विठाबाईंचे गाव. गवळणीत कृष्ण मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणींना अडवतो, तेव्हा मावशी आणि पेंद्या ज्या गप्पा मारतात त्या द्वापारयुगातल्या नसतात. दुधाचा भाव, गावची निवडणूक, एसटीची गर्दी सगळे तिथे येते. दादू इंदुरीकरांनी गाजवलेल्या गाढवाचे लग्न या वगात स्वर्गातून शाप घेऊन आलेला गंधर्व गाढव होऊन सावळ्या कुंभाराच्या घरी राहतो. शापामुळे गण पृथ्वीवर येतो ही गुणाढ्याचीच चौकट. फक्त तो प्रतिष्ठानच्या मंत्र्याच्या घरी न जाता कुंभाराच्या दारात उतरला आणि आपल्या बोलीत बोलू लागला. परीकथेला आजचे कपडे घालणे हे टीव्हीने शोधून काढलेले नाही. २००८ साली बीबीसीने परीकथा आजच्या काळात आणून चार भागांची मालिका केली, तिच्यातली सिंड्रेला विद्यापीठात साफसफाई करते. आमच्या फडावर हे कंदिलाच्या उजेडापासून चालत आले आहे.

मोठ्या लेखकांनीही हेच केले. देवळात दोघांची मुंडकी धडावेगळी होतात, स्त्री ती घाईत उलटसुलट जोडते आणि आता तिचा नवरा कोणता, हा वेताळाचा प्रश्न. सोमदेवाच्या कथेत एक तिचा नवरा आहे आणि दुसरा भाऊ. जर्मन कादंबरीकार थॉमस मान यांनी १९४० साली ती कथा घेतली आणि भावाच्या जागी मित्र आणला. तिथून ती गिरीश कार्नाडांच्या हयवदन या नाटकात आली. राजा उत्तर देतो की शरीरात डोके श्रेष्ठ, म्हणून ज्याचे डोके नवऱ्याचे तो नवरा. मान आणि कार्नाड यांना या उत्तराने समाधान वाटले नाही. डोक्याचे शरीर काय करते आणि शरीराचे डोके काय करते, हे पाहत ते पुढे गेले. प्रश्न जुना ठेवून उत्तर नव्याने शोधणे, हेच रूपांतराचे खरे काम आहे. नुसता राजाच्या अंगात कोट चढवून ते होत नाही.

याचा अनुभव मलाही थोडाफार आला. नव्वदच्या दशकात टीव्हीसाठी कार्यक्रम करणाऱ्या एका गृहस्थांनी वेताळाच्या कथा आजच्या काळात आणून तेरा भाग लिहायला सांगितले. माझा विक्रम जुन्नरहून घाटघरला जाणाऱ्या मुक्कामी एसटीचा कंडक्टर होता. शेवटच्या थांब्यानंतर रिकाम्या गाडीत वेताळ विनातिकीट चढायचा. सोमदेवाकडे एक कथा आहे. मेलेल्या मुलीचा एक प्रियकर तिच्या राखेवर झोपून राहतो, दुसरा अस्थी गंगेला नेतो, तिसरा परदेशी जाऊन तिला जिवंत करणारा मंत्र आणतो. ती उठल्यावर कुणाची? मी ती डिंभे धरणाकडे नेली. घोड नदीवरच्या या धरणाच्या पाण्यात जुने आंबेगाव आणि आसपासची गावे गेली. माझ्या कथेत म्हातारीची जमीन पाण्याखाली गेली आहे आणि तीन मुलगे आहेत. एक शेवटपर्यंत तिच्यापाशी राहिला, एकाने तिच्या अस्थी नेल्या, एकाने शहरात कचेऱ्यांचे उंबरे झिजवून मोबदला मंजूर करून आणला. पैसा कुणाचा?

हस्तलिखित परत आले. भाषा फार गावठी आहे, कंडक्टरऐवजी एखाद्या कंपनीचा मॅनेजर करा आणि धरण काढून टाका, असा निरोप होता. मी मॅनेजर केला नाही. पुढे आंबेगावच्या डोंगरातल्या एका आश्रमशाळेत त्यातले चार भाग वाचून दाखवले. मुले निमूट ऐकत होती. संपल्यावर एक पोरगी उठली आणि म्हणाली की ही गोष्ट आमच्याकडे वेगळी सांगतात. तिच्या आजीच्या गोष्टीत तिसरा भाऊ नव्हताच, बहीण होती. तिने ती सांगितली आणि माझ्यापेक्षा चांगली सांगितली.

तेव्हापासून मला जळालेल्या सहा लाख श्लोकांची हळहळ वेगळ्या रीतीने वाटते. गुणाढ्याने ते एका टेकडीवर जाळले. भीमाशंकरच्या रानात हिरडा गोळा करणाऱ्या बायकांच्या तोंडी, आहुप्यासारख्या घाटमाथ्यावरच्या गावांत किती कथा आहेत त्यांची कुठे नोंद नाही. धरणाखाली गाव गेले की माणसे विखुरतात, आणि ऐकणारी माणसे एका जागी उरली नाहीत की सांगणारीही गप्प होते. त्यासाठी अग्निकुंड लागत नाही. आज प्रत्येक हातात मोबाईल आहे, त्यात आवाज साठवता येतो. या गोष्टी त्यांच्या बोलीत जपायला आणि पडद्यावर आणायला पैसा फारसा लागणार नाही. त्या बोलीला भाषा मानण्याची तयारी मात्र लागेल.

वेताळाच्या प्रश्नमालेतला शेवटचा प्रश्न असा आहे, की त्याचे उत्तर राजाला येत नाही. तो गप्प राहतो आणि त्या गप्प राहण्यावरच वेताळ खूश होतो. सातवाहन राजालाही आयुष्यात असा एक प्रश्न पडला असावा. गुणाढ्य गेल्यावर त्याने काय केले, हे कथापीठाच्या अखेरीस सांगितले आहे आणि ते सहसा कुणी लक्षात ठेवत नाही. त्याने गुणदेव आणि नंदिदेव या दोघा शिष्यांना जवळ ठेवून घेतले, त्यांना धन, वाडे, वाहने दिली आणि त्यांच्याकडून ती कथा समजून घेतली. मग ती पिशाच्चांच्या भाषेत पृथ्वीवर कशी आली हे सर्वांना कळावे म्हणून, त्याच भाषेत तिची प्रस्तावना स्वतः रचली. एका शब्दाच्या संधीसाठी अन्नपाणी सोडणारा राजा अखेर रानातल्या बोलीचा विद्यार्थी झाला. तोवर सातातले सहा भाग गेले होते, पण उरलेला एक भाग पुढच्या सगळ्या आज्यांना पुरला.